मोटार विकली गेली म्हणजे काय?

मोटार विकली गेली असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. गिऱ्हाइकाने पैसे मोजले, किल्ली घेतली, बॉनेटवर नारळ वाढवला, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे काढली की मोटार विकली गेली. यात विचारण्यासारखे ते काय? पण कारखानदाराच्या हिशेबाच्या वहीत मोटार याच्या कितीतरी आधी विकली गेलेली असते, आणि सरकारच्या नोंदवहीत ती पुष्कळदा याच्या कितीतरी नंतर विकली जाते. मधल्या काळात ती कुणाची असते, तिच्यावरचे व्याज कोण भरतो आणि ती पडून राहिली तर कुणाची चूल थंडावते, हे ज्याला कळले त्याला मोटारीच्या धंद्याचा इतिहास कळला असे आम्ही समजतो. आम्ही कामगार संघटनेचे माणूस. मोटार आम्हांला प्रथम दिसते ती कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना. फाटकाबाहेर तिचे काय होते, तिकडे आमच्या चळवळीने फारसे लक्ष दिलेले नाही, आणि ते द्यायला हवे, एवढ्यासाठीच हा विषय निवडला.

सुरुवात अमेरिकेतल्या डेट्रॉइटपासून केली पाहिजे, कारण या धंद्याच्या साऱ्या चाली तिथेच जुळल्या. हेन्री फोर्डचे नाव आपल्याकडे निघते ते सरकता पट्टा आणि १९१४ सालची पाच डॉलरची दिवसमजुरी यांच्या संदर्भात. त्याची दुसरी एक करामत मात्र क्वचितच सांगितली जाते. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या उत्तरार्धात, अमेरिकेत मंदी आली आणि मोटारींचा खप एकदम बसला. भागीदारांचे हिस्से विकत घेण्यासाठी फोर्डने बँकांकडून काढलेले कोट्यवधी डॉलरचे कर्ज डोक्यावर होते आणि ते फेडण्याची मुदत जवळ येत होती. बँकांच्या दारात पुन्हा जायचे नाही, असा त्याचा हट्ट. मग त्याने काय करावे? कारखान्यात साठलेल्या सुट्या भागांच्या जेवढ्या होतील तेवढ्या मोटारी जुळवल्या आणि देशभरच्या विक्रेत्यांकडे, त्यांनी मागितल्या नसतानाही, रेल्वेने रवाना केल्या. माल स्टेशनात आला की विक्रेत्याने आधी बँकेत रोख रक्कम भरायची, तेव्हा त्याच्या हाती रेल्वेची पावती पडायची. पैसे भरले नाहीत तर फोर्डची एजन्सी गेलीच म्हणून समजा. बिचारे विक्रेते आपापल्या गावच्या बँकेत गेले, घरेदारे तारण ठेवली आणि मोटारी सोडवून घेतल्या. फोर्डचे कर्ज फिटले. खरे म्हणजे ते फिटले नाही. एका माणसाच्या डोक्यावरून उतरून हजारो गावांतल्या हजारो माणसांच्या डोक्यावर गेले. गिऱ्हाईक तर अजून दुकानाकडे फिरकलेलेही नव्हते, पण फोर्डच्या वहीत त्या साऱ्या मोटारी विकल्या गेल्या होत्या.

ही युक्ती आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितली. पुढच्या शंभर वर्षांत तिचे कपडे बदलले, अंगलट बदलली नाही.

फोर्डचा प्रतिस्पर्धी जनरल मोटर्स. त्या कंपनीचा सूत्रधार आल्फ्रेड स्लोन याने ओळखले की माणसाजवळ रोख पैसा नसला तरी पुढच्या दोन वर्षांचा पगार असतो. जनरल मोटर्सने १९१९ सालीच हप्त्याने मोटारी विकण्यासाठी स्वतंत्र कर्जकंपनी काढली होती. फोर्डला उधारीचा तिटकारा. त्याने १९२३ साली काढलेली योजना आपल्याकडच्या भिशीच्या वळणाची होती: आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवा, पुरते साठले की मोटार न्या. लोकांना मोटार आज हवी होती, आणि साठवायला सांगणाऱ्यापेक्षा उधार देणारा त्यांना जवळचा वाटला. त्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या सुमारे तीन चतुर्थांश मोटारी हप्त्यावर जात होत्या.

याच सुमारास स्लोनने दरवर्षी मोटारीचे रूप थोडेथोडे पालटण्याची चाल पाडली. गेल्या साली घेतलेली मोटार धडधाकट असली तरी शेजाऱ्याच्या नव्या मोटारीपुढे ती जुनाट दिसली पाहिजे, हा हेतू. जुनी दिसू लागलेली मोटार विक्रेत्याने पदरात घ्यायची आणि तिची किंमत नव्या मोटारीतून वळती करायची. झाले! आता प्रत्येक नव्या मोटारीमागे एक जुनी मोटार विक्रेत्याच्या अंगणात येऊन उभी राहू लागली. ती विकल्याशिवाय नव्या मोटारीतला त्याचा नफा हाती येत नव्हता, आणि ती विकताना बदल्यात आणखी जुनी एखादी मोटार यायची ती यायचीच.

इथे इतिहासाने एक गंमत केली. फोर्डचे मॉडेल टी १९०८ साली ८५० डॉलरला मिळत होते. १९२० च्या दशकाच्या मध्यावर त्याची किंमत ३०० डॉलरच्या खाली आली होती. इतकी स्वस्त मोटार जगाने पाहिली नव्हती. तरीही तिचा खप ढासळला आणि दीड कोटीहून अधिक नग काढल्यावर १९२७ साली ती बंद करावी लागली. तिला मारले कुणी? शेव्हरोलेने, असे पुस्तकांत लिहिलेले असते, आणि ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे काम जुन्या मोटारींनी केले. ज्याच्या खिशात तीनशे डॉलर होते त्याच्यापुढे एकीकडे नवे, उघडे, काळे, दणके देणारे मॉडेल टी होते. दुसरीकडे तेवढ्याच पैशात कुणीतरी दोन-तीन वर्षे वापरलेली, बंद टपाची, चांगल्या गाद्यांची मोठी मोटार. गरिबाने दुसरी निवडली. गरिबाला स्वस्त वस्तू हवी असते हे खरे, पण स्वस्त म्हणून ओळखली जाणारी वस्तू त्याला नको असते. हे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढे आपल्याच देशात त्याची गाठ पडणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत अमेरिकन विक्रेत्यांवर कारखान्यांची दांडगाई फार वाढली. गळ्यात माल मारणे, न घेतल्यास एजन्सी काढून घेण्याची धमकी, हे सर्रास चालू झाले. अखेर १९५६ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून विक्रेत्याला कारखान्याविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दाद मागण्याचा हक्क दिला. दोन वर्षांनी, १९५८ साली, ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने आणखी एक कायदा झाला: प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर कारखान्याने सुचवलेली किंमत, जोडसामानाची किंमत आणि वाहतूक खर्च यांची चिठ्ठी लागलीच पाहिजे. तोवर गिऱ्हाइकाला मूळ किंमतच ठाऊक नसायची; विक्रेता आधी किंमत फुगवायचा आणि मग जुन्या मोटारीचे जास्त पैसे दिल्याचे नाटक करून ती उतरवायचा. कारखान्याने विक्रेत्याला नाडावे आणि विक्रेत्याने गिऱ्हाइकाला, अशी ही उतरंड. दोन कायद्यांनी तिच्या दोन पायऱ्यांना थोडा धक्का दिला, इतकेच.

आता मुंबईत येऊ. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता; फोर्डचेही मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे तसेच काम चाले. भाग विलायतेहून यायचे आणि इथे नुसती जुळणी व्हायची. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली सरकारने धोरण ठरवले की जो इथे खरेखुरे उत्पादन करील तोच राहील. दोघाही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मागे उरले ते मुख्यतः तिघे: उत्तरपाड्याचे हिंदुस्थान मोटर्स, वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेले कुर्ल्याचे प्रीमियर आणि मद्रासचे स्टँडर्ड. ते धोरण चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. त्याच धोरणामुळे कुर्ल्यापासून पुण्यापर्यंत सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले, आणि आमच्या चळवळीतले निम्मे लोक त्याच कारखान्यांतून आले. पण विक्रीच्या बाजूने त्याने जग उलटे केले. अमेरिकेत मोटारी गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असत. इथे गिऱ्हाईक मोटारीची वाट पाहत उभे राहिले.

१९७० च्या दशकात सबंध देशात वर्षाला पन्नास हजार मोटारीही तयार होत नव्हत्या. सरकारने १९५९ साली मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम काढला. १९६९ साली किमतीही कायद्याने बांधून दिल्या, आणि त्यावरून कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. किंमत कागदावर बांधलेली राहिली. नाव नोंदवल्यावर फियाटसाठी कित्येक वर्षे थांबावे लागे. मुलाच्या मुंजीच्या वेळी नाव नोंदवावे आणि मोटार लग्नाच्या वरातीला मिळावी, असा विनोद त्या काळी घरोघर चाले. साहजिकच रांगेतल्या जागेलाच किंमत आली. ज्याची पाळी लागली तो मोटार घेऊन लगेच दुसऱ्याला वर पैसे घेऊन देऊ लागला. मुंबईच्या बाजाराने या वरच्या पैशाला ‘ऑन’ असे सुटसुटीत नाव दिले. त्यामुळे जगाच्या पाठीवर क्वचित दिसणारा प्रकार इथे नित्याचा झाला: वापरलेली मोटार कोऱ्या मोटारीहून महाग. कोऱ्या मोटारीची किंमत सरकारने ठरवलेली, वापरलेलीची बाजाराने ठरवलेली. आणि वापरलेलीचा मोठा गुण हा की ती समोर उभी होती. परदेशी वकिलातींच्या जुन्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. त्यांच्यावर तर श्रीमंतांच्या उड्या पडत.

या काळात मोटार केव्हा विकली जात होती? ती तयार होण्याच्या आधीच. आणि बोजा कोण वाहत होता? गिऱ्हाईक. फोर्डने विक्रेत्याच्या पैशावर आपला कारखाना सावरला. इथे ते काम गिऱ्हाइकाच्या अनामत रकमेने केले. मारुती उद्योगाचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली सोडतीतल्या मानकऱ्याला मिळाली. त्याआधी त्याच वर्षी नोंदणी घेतली होती, माणशी दहा हजार रुपये. एक लाख वीस हजारांच्या वर लोकांनी ते भरले. त्रैराशिक शाळेतल्या मुलाला येईल: एकही मोटार फाटकाबाहेर पडण्याआधी १२० कोटींहून अधिक रुपये गोळा झाले. टाटांच्या इंडिकाच्या वेळी, १९९९ च्या सुरुवातीला, एक लाखाच्या वर लोकांनी किमतीइतका पैसा आगाऊ भरून नाव नोंदवले.

२००९ साली नॅनोची वेळ आली. एक लाखाची मोटार म्हणून जगभर गाजावाजा झाला. दोन लाखांवर नोंदण्या आल्या, जमा झालेली रक्कम सुमारे २,५०० कोटी, आणि पहिल्या एक लाख गिऱ्हाइकांची निवड चिठ्ठ्या टाकून करावी लागली. सिंगूरच्या जमिनीचा प्रश्न, कारखाना साणंदला हलवणे, काही गाड्यांनी पेट घेणे या साऱ्याने तिचे नुकसान झाले, हे कुणी नाकारणार नाही. पण आमच्या मते तिचा खरा प्रतिस्पर्धी वेगळाच होता. चाकण किंवा भोसरीच्या कामगाराने लाख-दीड लाख जमवले की तो चार-पाच वर्षे वापरलेली मारुती पाहायला जाई. पाहुण्यांच्या गावी ‘गरिबाची मोटार’ घेऊन जायला त्याचे मन घेत नव्हते. ‘जुनी आहे, पण आल्टो आहे’, असे म्हणायला त्याला कमीपणा वाटत नसे. मॉडेल टी ज्या दगडावर ठेचकाळले, त्याच दगडावर नव्वद वर्षांनी नॅनो ठेचकाळली. २०१८ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

१९९३ साली मोटारनिर्मितीवरचा परवाना उठला, देवू, ह्युंदाई, होंडा, फोर्ड अशा कंपन्या आल्या आणि जग पुन्हा सरळ झाले. म्हणजे अमेरिकेसारखे झाले. आता मोटारी उभ्या राहू लागल्या आणि गिऱ्हाईक शोधायची पाळी आली. ते शोधून दिले बँकांनी. हप्त्याच्या खरेदीवर आपल्याकडे १९७२ साली कायदा मंजूर झाला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २००५ साली रद्दही झाला. कायद्याविना कारभार कसा चालला, ते ज्यांच्या दारातून गाडी ओढून नेली त्यांना विचारावे. वसुलीसाठी दांडगे लोक पाठवू नका, अशी ताकीद सर्वोच्च न्यायालयाला २००७ साली बँकांना द्यावी लागली. हप्त्यावरच्या मोटारीच्या नोंदणीपत्रावर बँकेचे नाव असते. हार घातलेला धनी ती चालवत असतो. मोटार विकली गेली खरी, पण पाच-सात वर्षे ती दोघांची असते, आणि दोघांपैकी एकालाच रात्री झोप लागत नाही.

आता विक्रेत्याकडे वळू. वर्तमानपत्रात दर महिन्याला ‘इतक्या मोटारींची विक्री’ असा आकडा येतो. वाचणाऱ्याला वाटते तेवढी गिऱ्हाइके झाली. तसे नसते. तो आकडा बहुधा कारखान्यातून विक्रेत्याकडे गेलेल्या मोटारींचा असतो. फोर्डचे १९२० सालचे गणित आजही तसेच मांडले जाते. २०२४ च्या सप्टेंबरात पितृपक्ष आला, पाऊस लांबला आणि नव्या मोटारींचा प्रत्यक्ष किरकोळ खप आदल्या वर्षीच्या मानाने सुमारे १९ टक्क्यांनी घसरला. कारखान्यांतून माल मात्र येतच होता. विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने त्या वेळी जाहीर केले की देशभरच्या विक्रेत्यांकडे ऐंशी ते पंच्याऐंशी दिवसांचा माल पडून आहे: सुमारे ७ लाख ९० हजार वाहने, किंमत ७९,००० कोटी रुपये. म्हणजे ७९,००० कोटींच्या ‘विकल्या गेलेल्या’ मोटारी कुणीही विकत घेतलेल्या नव्हत्या. त्यांच्यावरचे व्याज रोज चढत होते. आणि ३१ डिसेंबरची रात्र उलटली की जागेवरून न हललेली मोटारसुद्धा एक वर्षाने म्हातारी होते. जानेवारीत गिऱ्हाईक तिचे उत्पादनवर्ष विचारते आणि किंमत पाडून मागते. स्लोनच्या वार्षिक रूपपालटाने लावलेली ही सवय.

पुढच्याच वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, वस्तू व सेवा कराचे दर बदलले. लहान मोटारींवरचा कर १८ टक्क्यांवर आला, मोठ्यांवर ४० टक्के बसला आणि वेगळा उपकर उठला. गिऱ्हाइकाचा फायदाच झाला. घटस्थापनेच्या मुहूर्तावर दुकानांत झुंबड उडाली. पण ऑगस्टच्या मध्यावर कपातीची घोषणा झाल्यापासून लोकांनी खरेदी रोखून धरली होती, आणि ज्या मोटारींवर विक्रेत्यांनी उपकर आधीच मोजला होता त्याची वजावट वहीतच अडकली. संघटनेने ती रक्कम सुमारे २,५०० कोटी सांगितली. जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांची गत याहून वाईट. नवी मोटार स्वस्त झाली की जुनीची किंमत त्याच रात्री उतरते, आणि तिला वजावट-बिजावट काही नसते.

विक्रेता म्हणजे काही हातावर पोट असलेला माणूस नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. काचेच्या महालात बसणाऱ्या शेठजींसाठी आम्ही अश्रू ढाळावेत अशी आमच्या सभासदांची अपेक्षाही नाही. पण ओझे शेठजींपाशी थांबते थोडेच? ते खाली उतरते. टाय लावून दारात उभा असलेला पंचविशीतला पोरगा पाहा. त्याचा बांधील पगार तुटपुंजा, बाकी सारे महिन्याच्या ‘टार्गेट’वर. मोटारीत आता नफा फारसा उरलेला नाही म्हणून विमा, कर्ज, गाद्यांची आवरणे, वाढीव हमी हे सारे त्याने गळ्यात मारायचे. महिनाअखेरीस रात्री दहापर्यंत दुकान उघडे. आमच्या संघटनेकडे अशी मुले येतात; ती पहिला प्रश्न विचारतात, ‘साहेब, आम्ही कामगार का?’ कारखान्यातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही.

आणि कारखानदाराने देश सोडला तर? फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात मोटारी बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले तेव्हा, विक्रेत्यांच्या संघटनेच्या सांगण्यानुसार, त्यांचे १७० विक्रेते, ३९१ विक्रीकेंद्रे आणि तिथे काम करणारे सुमारे ४०,००० लोक होते. शिवडीला सुरुवात करणाऱ्या जनरल मोटर्सनेही दुसऱ्यांदा येऊन २०१७ अखेर इथली विक्री बंद केली आणि तळेगावचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात थांबवला. तळेगावच्या कामगारांनी लढा दिला, कोर्टकचेरी केली, त्याची बातमी झाली. दुकानातल्या पोरांची बातमी झाली नाही. ती विखुरलेली, प्रत्येकाचा मालक वेगळा. मालाचा धनी एकच.

यातही नवे वारे वाहते आहे. चाकणच्या मर्सिडीज-बेंझ कंपनीने ऑक्टोबर २०२१ पासून अशी पद्धत आणली की मोटार शेवटपर्यंत कंपनीच्याच मालकीची, किंमत देशभर एकच, बिल कंपनीचे. दुकानदार केवळ दाखवणार, पोचवणार आणि आपली दलाली घेणार. टेस्लाने तर जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात स्वतःचेच दुकान थाटले. साठ्याचा भार कारखानदाराने स्वतःच्या अंगावर घेतला ही गोष्ट चांगलीच म्हणायची. मात्र हे श्रीमंतांच्या मोटारींत घडते आहे, जिथे नग थोडे. लाखांनी खपणाऱ्या लहान मोटारींत कुणी तसे केलेले नाही.

आता राहिला जुन्या मोटारींचा बाजार. आणि तो काही शेपूट नव्हे. २०२४-२५ या वर्षात देशात सुमारे ४३ लाख नव्या प्रवासी मोटारी कारखान्यांतून बाहेर पडल्या. त्याच काळात हात बदललेल्या जुन्या मोटारी याहून जास्त असल्याचे धंद्यातले सारेच अंदाज सांगतात. या बाजाराचे खरे दुखणे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एका निबंधात मांडले. खराब निघालेल्या मोटारीला तिकडच्या बोलीत ‘लिंबू’ म्हणतात. विकणाऱ्याला मोटारीचा गुणदोष ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच मोटारींना मधली किंमत देतो. मधली किंमत परवडत नाही म्हणून चांगल्या मोटारीचा धनी ती बाजारात आणतच नाही. आणि बाजारात लिंबेच उरतात. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल मिळाले. आपल्या गॅरेजवाल्याला हे नोबेलशिवाय कळत होते. तो दरवाजाच्या रबराखाली बोट घालून रंग चाचपतो, तेलाची पट्टी ओढून वास घेतो. मीटर मागे फिरवलेला असेल म्हणून पेडलचे रबर किती झिजले ते पाहतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत तो गालिचा उचलून खालची माती पाहायला शिकला.

ओळखीचा मेकॅनिक, मध्यस्थ आणि पेपरातली छोटी जाहिरात यांवर चालणाऱ्या या धंद्यात मारुतीने २००१ साली ‘ट्रू व्हॅल्यू’ नावाने स्वतःची दुकाने काढली. पुढे २०१५ साली कार्स२४, स्पिनी अशा कंपन्या निघाल्या. त्यांचा माणूस घरी येतो, मोटारीचे शंभर-दोनशे मुद्दे तपासतो, फोनवर फोटो चढवतो, आणि दूरदूरचे व्यापारी त्या फोटोंवर बोली लावतात. विकणाऱ्याची वणवण थांबली हे खरे. घेणाऱ्याला हमी मिळू लागली हेही खरे. पण तपासणाऱ्या माणसाकडे पाहा: दिवसाला इतक्या मोटारी, स्वतःची दुचाकी, आणि तपासणीत एखादा दोष निसटला तर जाब त्याला. गॅरेजवाल्याच्या बोटांतले ज्ञान कंपनीने यादीत उतरवून घेतले. गॅरेजवाल्याचा दर मात्र यादीबरोबर आला नाही.

आणि मोटार विकली गेली म्हणजे काय, हा प्रश्न सर्वांत जास्त बोचतो तो इथेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मोटार देणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३०. बँकेचा बोजा उतरवायला ३५. दुसऱ्या हद्दीत न्यायची तर २८. प्रत्यक्षात काय होते? विकणारा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतो, पैसे घेतो आणि सुटलो म्हणतो. मध्यस्थ ते कागद खिशात ठेवतो, कारण स्वतःच्या नावावर केली तर मोटारीचा एक ‘धनी’ वाढतो आणि किंमत उतरते. असे दोन-तीन हात फिरून मोटार कुठे जाते कुणास ठाऊक. मग एके दिवशी अपघात होतो, आणि नोटीस येते ती मूळ मालकाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोंदणीवर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. मोटार पुढे किती जणांना दिली याच्याशी अपघातग्रस्ताला कर्तव्य नाही. अपघातग्रस्ताच्या बाजूने हा निकाल योग्यच आहे. पण आमच्या एका सभासदाने ऐंशी हजाराला विकलेल्या मोटारीपायी चार वर्षे न्यायाधिकरणाच्या खेपा घातल्या, त्याच्या बायकोला हे योग्य कसे पटवायचे?

पुढे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याने नोंदणी अधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र घ्यायचे. मोटार ताब्यात येताच मालकाने आणि त्याने मिळून ते कळवायचे. तिथून पुढे ती विकली जाईपर्यंत मालक म्हणून जबाबदारी व्यापाऱ्याची. मोटार रस्त्यावर नेली तर कशासाठी, किती किलोमीटर, याची नोंद ठेवायची. इतकी वर्षे जो माणूस कुठल्याच वहीत नव्हता, तो या नियमांनी वहीत आला. पुण्या-मुंबईतल्या जुन्या मोटारींच्या कोणत्याही बाजारात जाऊन ते प्रमाणपत्र दाखवायला सांगावे. काही जण भिंतीवर लावलेले दाखवतील. बरेच जण उलट विचारतील, ‘साहेब, गाडी घ्यायची आहे की नुसती चौकशी?’